पुढची सीट

सुलोचनाबाईला गाडी कशाला पाहिजे होती, हे गावात कोणालाही विचारा. पोरं म्हणतील, प्रविणच्या लग्नासाठी. म्हातारे म्हणतील, हायवेकडची जमीन विकली, आता पैसा घरात बसू देत नाही. पण धानाच्या रोवण्याच्या बायांना विचाराल तर त्या तोंडाला पदर लावून खरं सांगतील. बाईला एकदा, मेलं एकदाच, स्वतः पुढच्या सीटवर बसायचं होतं आणि कुंताला मागं बसवायचं होतं. बाकी सारी सोंगं.

कुंता म्हणजे कुंताबाई, तिची धाकटी जाऊ. लाखनीहून आत वळलं की तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, त्यांचं घर लागतं. अंगण एक, विहीर एक, चुली दोन. सुलोचनाबाईचा नवरा गोमाजी शेती पाहायचा आणि त्याचा धाकटा भाऊ नत्थू ट्रकवर होता. नत्थू रायपूरहून आला की कुंतासाठी साडी, सुरतेहून आला की दोन साड्या. गोमाजीनं उभ्या आयुष्यात बाजारातून न सांगता एकच वस्तू घरी आणली, ती म्हणजे युरियाचं पोतं. कुंता नवी साडी नेसून विहिरीवर आली की सुलोचनाबाई बादली अशी आपटायची की शेजारची कुत्री उठून जायची.

हेही एकवेळ चाललं असतं. साडीचं काय, साडी फाटते. पण प्रविणचं काय करावं?

सुलोचनाबाईचा हात रोवण्यात असा बसलेला की आसपासच्या गावांतून तिला बोलावणं यायचं. बायांची टोळी घेऊन ती पहाटे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढायची, ती दिवस बुडाल्यावर चिखलाचे पाय घेऊन उतरायची. पोर कुंताजवळ. कुंताची कूस उजवली नाही, आणि नवरा बारा महिने रस्त्यावर, म्हणून तिनं त्या पोरावर जीव ओतला. प्रविण तिच्या हातानं जेवायला शिकला, तिच्या मांडीवर झोपायला शिकला. ताप आला की 'माय' न म्हणता 'काकी' म्हणून कण्हायचा, आणि ते ऐकून सुलोचनाबाई ओली पट्टी हातात घेऊन उंबऱ्यावरच थांबायची. आता तो मोठा झाला, लाखनीत मोटारपंपाचं दुकान टाकलं, तरी संध्याकाळी आल्यावर फटफटीची चावी खिळ्याला अडकवायच्या आधी काकीच्या चुलीकडे डोकावणार. आपल्या चुलीवर काय रटरटतंय, हे नंतर. नऊ महिने पोटात वागवलं ते कोणी, आणि लाडाचा घास खातंय कोण, असं ती मनातल्या मनात म्हणायची. कधीकधी मोठ्यानंही म्हणायची, पण भांड्यांना उद्देशून.

त्यात गेल्या दिवाळीत भाऊबीज आली. कुंताचा भाऊ भुपेंद्र, तिकडे माहेरी ठेकेदारीत चांगलाच वर आलेला, बहिणीला न्यायला उंच पांढरी गाडी घेऊन थेट अंगणात. सुलोचनाबाई तेव्हा शेण काढत होती. दोन्ही हात कोपरापर्यंत भरलेले. तिच्या डोळ्यांदेखत भुपेंद्रनं पुढचं दार उघडलं आणि म्हणाला, "बस ताई." आणि कुंता बसली. पुढं. काच खाली करून म्हणाली, "बाई, येतो वो. घराकडे लक्ष ठेवजा."

आता हे समजून घ्या. सुलोचनाबाईनं जन्मभर मागं बसून प्रवास केला. बापाच्या खासरात, त्या हलक्या बैलगाडीत, मागं, कारण पुढं बाप. लग्नाच्या वरातीत मागं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, साकोलीला जाणाऱ्या काळीपिवळी जीपमध्ये शेवटच्या आडव्या बाकावर, गुडघे दुसऱ्याच्या गुडघ्यात अडकवून. पुढं कोण बसायचं? गुरुजी, पाटील, नवी नवरी, नाहीतर ज्याच्याजवळ वजन आहे तो. पुढची सीट म्हणजे मान, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. आणि त्या सीटवर कुंता, मांडीवर पर्स ठेवून. सुलोचनाबाईनं शेणाची पाटी तिथंच टाकली. त्या दिवशी तिला भाकर गोड लागली नाही.

पंधरवड्यात तिनं गोमाजीला सांगून टाकलं, "गाडी घ्याची आहे. पोराले पोरगी पाहाले काय काळीपिवळीत जाऊ?"

गोमाजी म्हणाला, "घे." त्याचा हा एक गुण. तो वाद घालत नसे.

कारध्याच्या पुलाकडे जाताना हायवेला जागेश्वरचा जुन्या गाड्यांचा अड्डा आहे. त्याचा बाप बैलांचा हेडी, म्हणजे बाजारोबाजार बैल घेऊन विकणारा. बैल गेले तसा जागेश्वर ट्रॅक्टरवर आला आणि ट्रॅक्टरवरून मोटारींवर. बोलण्यात मात्र अजून बैलबाजारच. सुलोचनाबाईचा बापही शंकरपटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतीचा, नादी. त्याची जोडी पटात धावायची तेव्हा साकोलीकडची माणसं झाडावर चढून पाहायची. त्यामुळे या दोघांचं पहिल्या चहालाच जमलं, आणि प्रविण बिचारा मोबाईल हातात धरून उभाच राहिला.

प्रविणनं आधीच सगळं वाचून ठेवलं होतं. कोपऱ्यात एक उंच पांढरी गाडी होती, चांगली वापरलेली, कागद नीट. तो म्हणाला, "माय, हे घेऊ. आपल्या पाळीवरचा रस्ता पाह्य, खड्डे पाह्य. उंच गाडी पायजे."

"असी त भुपेंद्रजवळ आहे," ती म्हणाली. झालं. त्या गाडीचं नशीब तिथंच संपलं.

मग तिला ती दिसली. वांग्याच्या रंगाची, लांबलचक, परदेशी कंपनीची. जमिनीला पोट टेकेल इतकी खाली, मागून भरलेली, पुढून निमुळती. उभी होती तरी आता सुटेल असं वाटायचं. नागपूरच्या कोण्या बिल्डरची, असं जागेश्वर म्हणाला. सुलोचनाबाईचा बाप बैल घ्यायला गेला की आधी मागं उभा राहायचा, मग कडेनं चालायचा आणि तोंड सगळ्यात शेवटी पाहायचा. बाईनं तेच केलं. मागं उभी राहिली. कडेनं हात फिरवत गेली. टायर अंगठ्यानं दाबून पाहिले. मग म्हणाली, "चालवून दाखव. मी बाहेरूनच पाह्यतो."

प्रविणनं गाडी हायवेवर नेऊन आणली. गेली तेव्हा आवाज नाही, आली तेव्हा धूळ नाही. सुलोचनाबाईच्या छातीत कित्येक वर्षांनी पटाच्या दिवसासारखं धडधडलं.

"पह्यल्या मालकानं काहून इकली?" तिनं विचारलं.

"त्यानं याहून मोठी घेतली, मावशी. याच्यात काई खोट नाई. लय जपून वापरली. ड्रायव्हर होता त्याच्याकडे." जागेश्वरनं मागचं दार उघडलं. "हे मागची सीट पाहा. पाय पसरून बसा. असल्या गाडीत खरी मजा मागंच हाय."

"मागं आमच्या घरचं दुसरं कोणी बसन," सुलोचनाबाई म्हणाली. "मले पुढची दाखव."

जागेश्वरला जरा नवल वाटलं, पण विकणाऱ्यानं नवल गिळायचं असतं. त्यानं ड्रायव्हरशेजारचं दार उघडलं. चामड्याची सीट अशी कोरी की जणू कारखान्यातून आत्ता निघाली.

"इथं कोणी बसलंच नाई काय?"

"नाई. मालक इथं कधीच नाई बसला."

बाईनं सीटवरून तळहात फिरवला. इतक्या मोठ्या माणसाला या जागी बसायची अक्कल झाली नाही, आणि ही जागा आपल्यासाठी कोरी राहिली. तिचं ठरलं. "माय, लय खाली आहे," प्रविण कळवळून म्हणाला. "पटाचा बैल काय ऊंटावानी असते?" ती म्हणाली. पोरानं बैल पाहिलाच नव्हता धड, त्यानं मोबाईल खिशात टाकला.

बसताना मात्र गंमत झाली. सुलोचनाबाई आजवर ज्या ज्या वाहनात बसली त्यात तिला चढावं लागलं होतं. या गाडीत उतरावं लागलं. ती वाकली, वजनानं गपकन आत गेली आणि मांड्या छातीला लागल्यागत बसली. गुडघ्यातून कळ आली ती तिनं दात आवळून दाबली.

गाडी घरी आली. अर्धं गाव जमलं. सुलोचनाबाईनं ओवाळलं, नारळ फोडला, आणि डोळा सारखा कुंताच्या दाराकडे. येऊ दे, पाहू दे, जळू दे थोडी. कुंता आली. पदराला हात पुसत गाडीभोवती फिरली आणि म्हणाली, "बाई, लय सुंदर आहे वो. रंग कोणी निवडला? तुमीच ना? मले वाटलंच." आणि लिंबू आणून चाकाखाली ठेवून गेली. नजर लागू नये म्हणून. बाईनं तिचं तोंड न्याहाळून न्याहाळून पाहिलं, त्यात जळण्याचा मागमूस नाही. आता सांगा, इतका खर्च करून माणसानं काय करावं? सुलोचनाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. ठीक आहे, ती मनात म्हणाली, मागं बसशील तेव्हा कळन.

तो दिवसही आला. साकोलीपलीकडे नागझिऱ्याच्या रस्त्याला एक स्थळ आलं होतं. पोरगी उर्वशी, शिकलेली, घर धान्यानं भरलेलं. मध्यस्थ कवडू, गोमाजीच्या ओळखीतला. बोलणं सारं फोनवर झालेलं. पोरीकडच्यांनी प्रविणचा फोटो पाहिला होता, बाकी कोणाला नाही.

"काकी पायजे," प्रविण म्हणाला. "काकीनं पोरगी पाह्यल्याबिगर मी होय नाई म्हणत."

दुसऱ्या वेळी सुलोचनाबाईनं यावर घर डोक्यावर घेतलं असतं. या वेळी ती गोड हसली. "येऊ दे ना. मागं जागा आहे."

आता गोमाजी आणि कुंता, भासरा म्हणजे थोरला दीर आणि भावजय. कुंता अजून त्याच्यासमोर डोक्यावर पदर घेते, दोघांनी एका सीटवर शेजारी बसायचा सवालच नाही. आणि गोमाजीला पुढं बसवलं तर सगळाच डाव फसला. "तुमी कवडूभाऊच्या फटफटीवर या, त्यायले रस्ता माहीत आहे," असं बाईनं आदल्या दिवशीच ठरवून टाकलं होतं. गोमाजी म्हणाला, "बरं."

गाडी निघाली. पाळीवर दोनदा पोट घासलं, प्रविणचा जीव वर आला, पण बाई राणीसारखी समोर पाहत होती. लाखनीच्या चौकात ओळखीचे लोक दिसले तशी तिनं प्रविणला सावकाश घ्यायला लावली. काच खाली करून तिनं मान अशी ठेवली की दोन्ही बाजूंनी दिसावं. सुलोचनाबाईनं आरशातून पाहिलं, कुंताचं तोंड उतरलेलं, डोळे मिटलेले. बाईच्या काळजात इतकं गार वाटलं की काय सांगावं. तिनं वरून विचारलंही, "काय वो कुंता, मागं बरं आहे ना?"

"बरं आहे, बाई," कुंता बारीक आवाजात म्हणाली.

साकोलीत कवडू आणि गोमाजी मागं पडले. फटफटीचं चाक पंक्चर झालं, तुम्ही व्हा पुढं, असा कवडूचा फोन आला. म्हणून गाडी एकटीच त्या घरासमोर जाऊन उभी राहिली.

अंगण झाडून सडा घातलेला. पोरीचा बाप, आई, आजा, शेजारपाजार, सगळे दारात. पोरीचा आजा, जुन्या काळात कोण्या मोठ्या साहेबाची गाडी चालवलेला माणूस, वांग्याच्या रंगाची गाडी पाहून काठी टाकून पुढं आला. त्याला अशा गाडीचा रिवाज पाठ. त्यानं पुढच्या दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ जाऊन मागचं दार उघडलं आणि अदबीनं बाजूला झाला. तोवर प्रविणही उतरून मागच्याच दाराशी आला होता, कारण काकीचं तोंड त्यानं आरशात पाहिलं होतं. त्यानं काकीला हात दिला. कुंता उतरली. हलकी, सडसडीत, डोक्यावर नीट पदर.

"या, विहीणबाई," पोरीची आई म्हणाली. तिनं पाय धुवायला पाण्याचा तांब्या पुढं केला. कोणीतरी कुंकवाचं बोट कुंताच्या कपाळाला लावलं. आणि शिकवून ठेवलेली उर्वशी खाली वाकून तिच्या पाया पडायला आली.

पुढच्या सीटवर काय चाललं होतं? दार तर उघडलं. पण ती सीट म्हणजे खड्डा, आणि बाईचे गुडघे म्हणजे गंजलेल्या बिजागऱ्या. एक पाय बाहेर काढला, दुसरा निघेना. दाराची चौकट धरली, अंग वर येईना. तिथूनच मान वळवून ती सगळं पाहत होती. तांब्या. कुंकू. पोरीची वाकलेली पाठ. तिचा पोरगा कुंताच्या पाठीवर हात ठेवून उभा, आणि कोणालाही वाटावं की हीच माय, हाच लेक. मी आहे त्याची माय, मी, असं पुटपुटत ती दुसरा पाय दोन्ही हातांनी ओढत राहिली.

"थांब पोरी," कुंता पोरीचे हात धरून म्हणाली. "मी काकी आहे. माय ते पाह्य, पुढं बसली ते. पह्यले तिच्या पाया पड." आणि ती स्वतः वळून पुढच्या दाराशी आली. दोन्ही हात पुढं केले. "बाई, धरा वो. एक, दोन म्हणतो, मग उठा."

सुलोचनाबाईनं त्या हातांकडे पाहिलं. याच हातांनी पोराला भरवलं. दुसऱ्या कोणाचा हात असता तर तिनं खुशीनं धरला असता. पण दुसरा हात नव्हता. तिनं धरला आणि उठली.

मागून एका शेजारणीचा आवाज आला. हळू बोलली, पण सुलोचनाबाईला नेमका ऐकू आला. "मले वाटलं, समोर बसली ते सोबतची कामवाली हाय."

आजा फार शरमला. "माफ करा, बाई," म्हणाला. "आमचे साहेब मागं बसत. अशा गाडीत मालक मागंच बसते ना, म्हणून." पुन्हा पाणी आलं, पुन्हा कुंकू आलं, उर्वशी पुन्हा वाकली. सगळं दुसऱ्यांदा. सुलोचनाबाई हसत हसत सगळ्यांशी बोलली, पोह्यांची तारीफ केली, पोरीला दोन प्रश्न विचारले. गोमाजी आणि कवडू आले. पोरगी पसंत पडली. प्रविणनं हो म्हणायच्या आधी काकीकडे पाहिलं, हे बाकी कोणाच्या लक्षात आलं नसेल. एकीच्या आलं.

निघताना सगळं अंगण पाहायला उभं. सुलोचनाबाई ताठ मानेनं गेली आणि मागचं दार स्वतः उघडून आत बसली. पाय पसरले. मालकीण म्हणजे मालकीण. आजानं हात जोडले.

कुंता पुढं बसली आणि गाडी रस्त्याला लागताच तिनं लांब श्वास सोडला.

"आता बरं वाटून राहिलं काय, काकी?" प्रविणनं विचारलं.

"हो रे. मागं बसलं का मले गाडी लागते, लहानपणापासून. सकाळी सारं पोट ढवळून राहिलं होतं."

"मंग सांगाचं नाई?"

"बाईले पुढं बसाची हौस होती ना," कुंता म्हणाली. "इतक्या हौसेनं गाडी घेतली तिनं. मी कायले सांगू?"

मागं सुलोचनाबाईनं ऐकलं. म्हणजे सकाळी ते उतरलेलं तोंड, ते मिटलेले डोळे, ज्यावर ती लाखनीपासून साकोलीपर्यंत गार झाली होती, ते जळणं नव्हतंच. साधं पोट ढवळत होतं. आणि हिला तिची हौस ठाऊक होती. पहिल्यापासून. तिला लाज वाटली हे खरं. पण खरं सांगायचं तर लाजेपेक्षा रागच जास्त आला. मेली चांगुलपणातही पुढंच.

मागची सीट खरंच मोठी होती. गार हवा येत होती. पुढं दोन डोकी दिसत होती, एक काळं, एक पिकत चाललेलं, आणि ती एकमेकांकडे झुकून काहीतरी बोलत होती. प्रविण हसला. कुंतानं त्याच्या खांद्यावर चापट मारली. काय बोलले ते मागं ऐकू येईना. सुलोचनाबाई पुढं सरकली, दोन सीटच्या मधून तोंड घातलं, तरी गाडीच्या मऊ मऊ गादीत ती पुन्हा मागंच घसरत आली.

"माय, मागं बरं आहे ना?" प्रविणनं आरशातून विचारलं.

"बरं आहे. तू समोर पाहून चालव."

लाखनीचा चौक आला. सकाळचेच लोक अजून तिथं होते, त्यांच्याकडे बाईनं पाहिलं नाही. गाडी गावाकडे वळली, पाळीवर पोट घासलं, आणि तेव्हा मागून आवाज आला.

"हे गाडी जागेश्वरले वापस दे, बावा."

"काहून वो, माय? काय झालं?"

"उंच गाडी पाह्य. पुढं तिघं बसतात तसी." ती थोडी थांबली. "आन मधात मी बसीन."